पिठातली गुळवेल

मानीबाईच्या काढ्याला नाव ठेवणारा माणूस बोरखेडी तांड्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. दारव्ह्यापासून नऊ किलोमीटरवरचा साठ-सत्तर घरांचा तांडा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आजूबाजूच्या गावांतून रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची, तेव्हा या बाईनं कडुलिंबावर चढलेली गुळवेल तोडून आणली, अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठा गंज चढवला आणि सकाळ-संध्याकाळ अख्ख्या तांड्याला काढा पाजला. पोरं तोंड वाकडं करायची. "नाक दाब अन् पी," म्हणून ती उभीच राहायची, वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायची नाही.

तांड्यातून एकही तिरडी उठली नाही. आता ते काढ्यामुळं, की तांडा रानाच्या कडेला वेगळा पडतो म्हणून, हे कोण छातीठोक सांगणार? लोकांनी श्रेय मानीबाईला दिलं आणि तिनं ते घेतलं. तुम्ही-आम्हीही घेतलंच असतं. पुढं तालुक्याच्या एका कार्यक्रमात शाल-नारळ मिळालं, पेपरात तळहाताएवढा फोटो आला आणि बाईचे पाय जमिनीवरून चार बोटं वर गेले. अंगात शक्ती असली की रोग दारातूनच परततो, ही तिची एकुलती एक विद्या. सर्दी असो, बाळंतीण असो, म्हातारपण असो, उत्तर एकच.

अशा बाईच्या पोटच्या पोरीला नेमका शक्तीचाच रोग झाला.

रंजिता तिची धाकटी, चोवीस वर्षांची. दहावीच्या मार्कांवर पोस्टात डाक सेवक म्हणून लागली होती. तीन गावांची डाक, खाकी पिशवी आणि स्कूटी. म्हाताऱ्या तिच्या वाटेकडं डोळे लावून बसायच्या, कारण निराधारांचे पैसे तीच घरपोच आणून द्यायची आणि आणताना चार गोष्टीही सांगायची. पोरगी भल्ली बोलकी. चालायचीही अशी झपाझप की बाप म्हणायचा, "हिच्या पायाले कोनं मोटर बसवली का काय?"

एप्रिलमध्ये तिचा उजवा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की आत कोणी दाबल्यासारखं व्हायचं. मग पोस्टाची लाल पेटी तिला विटकरी दिसू लागली. "याडी, पेटीचा रंग उडला का गं?" तिनं घरी येऊन आईला विचारलं. मानीबाई म्हणाली, ऊन बाधलं. कांद्याचा रस झाला, पायाच्या तळव्याला तूप झालं, काढा तर झालाच झाला. दुपारी उन्हात फिरली की डोळ्यापुढं धुकं यायचं, सावलीत ओला रुमाल मानेवर ठेवून बसली की ते हटायचं. आठव्या दिवशी धुकं हटायचं थांबलं. त्याच दिवशी ती घरात आली तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती आणि ती कुठं पडली हे तिला ठाऊक नव्हतं.

"पायातली चप्पल गेली अन् तुले समजलं नाई?" खेमसिंगनं विचारलं. खेमसिंग म्हणजे बाप, मानीबाईचा नवरा.

"नाई समजलं बा," रंजिता म्हणाली आणि पहिल्यांदा घाबरलेली दिसली.

तिचा मोठा भाऊ शाम दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्यानं त्या दिवशी प्रवासी घेतले नाहीत. चौघं यवतमाळला गेले, मेंदूच्या डॉक्टरकडं.

डॉक्टर सुचित्रा चाळिशीच्या, वकिलांच्या घरातल्या, बोलायला शांत. त्यांनी मोठ्या मशीनमध्ये फोटो काढवला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढवलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना समोर बसवलं. रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. तांड्यात पुढं त्याचं 'एमेस' झालं.

"मेंदूतून निघणाऱ्या नसा म्हणजे विजेच्या तारा समजा," त्या म्हणाल्या. "तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं नसांवरही असतं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, राखणदारच म्हणा ना. रंजिताच्या राखणदारांची ओळख चुकते आहे. परक्याला सोडून ते घरच्या तारांचं आवरण कुरतडतात. जिथं कुरतडतील तिथला निरोप पुढं जात नाही. आधी डोळ्यात झालं, आता पायात."

"म्हंजे कुंपणच शेत खाऊन राह्यलं," खेमसिंग म्हणाला.

"अगदी तसंच, काका."

"पण झालं कायनं हे?" मानीबाईनं विचारलं. तिला हेच एक जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की हे एका गोष्टीनं होत नाही. थोडं जन्माबरोबर येतं, थोडं भोवतालातून, आणि पाच-दहा गोष्टी एकाच माणसात जुळून आल्या की कधीतरी ठिणगी पडते. मग त्यांनी रंजिताला विचारलं, घशात गाठी येऊन लांबलेला ताप कधी आला होता का. आला होता. बारावीत असताना, दारव्ह्याच्या होस्टेलात, तब्बल महिनाभर. त्या तापाचा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात शिरतो आणि गुपचूप पडून राहतो, डॉक्टर म्हणाल्या, पण मोजक्या लोकांचे राखणदार त्यानं गोंधळतात. मग रक्ताचा कागद पाहून म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. अंगाला ऊन लागत नाही का तुझ्या?"

मानीबाईला हसूच आलं. "बाई, आमच्या यवतमाळात उनाची कायची कमी?"

"मी स्कार्फ बांधतो, मॅडम," रंजिता म्हणाली. वऱ्हाडातल्या पोरी कधी कधी असंच बोलतात. "हातमोजे घालतो. नववीपासून. नुसते डोळे उघडे राह्यतेत." आणि तिनं आईकडं पाहिलं, कारण काळी पडशील तर सोयरे नाक मुरडतील, असं म्हणून तो स्कार्फ आईनंच आणून दिला होता.

"घरात विडी-सिगारेट कोणी ओढतं?"

खेमसिंग छताच्या पंख्याकडं बघू लागला.

झालं. अर्ध्या तासात घरातल्या प्रत्येकाच्या पदरात थोडं थोडं पाप पडलं. "हा कोणाचाच दोष नाही," असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या. पण ते वाक्य कोणी घरी नेलं नाही. बाकीचं सगळं नेलं.

पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं आणि डोळा परत आला, पायही परत आला. मग रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी हातात ठेवून डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: "ही राखणदारांचा जोर कमी करते. म्हणजे सर्दीताप जास्त होईल, जखम हळू भरेल, ते सांभाळून घ्यायचं. पण आवरणाची कुरतड थांबेल. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, काढे नकोत. गुळवेल, अश्वगंधा, शक्ती वाढवणारं काही म्हणजे काही नको. आपण इकडं जोर कमी करायचा आणि तिकडून कोणी वाढवायचा, असं नाही चालणार."

मानीबाईच्या कानशिलावर कोणी मारल्यासारखं झालं. शक्ती कमी करायची? रोग्याची? तिनं रोगी काय कमी पाहिले होते? काल-परवापर्यंत टीव्हीवाले, पुढारी, शिकलेसवरलेले सगळे एकच घोकत होते, इम्युनिटी वाढवा, इम्युनिटी वाढवा. त्याच इम्युनिटीला आता ही बाई दावणीला बांधायला निघाली होती. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "मले काही हे पटत नाई."

"याडी," रंजिता म्हणाली, "तुले पटो का न पटो, तू मले काही देशील नोको. शपथ घे माही."

मानीबाईनं शपथ घेतली. घेतली तेव्हा खरीच घेतली होती.

पावसाळा लागला. रंजिता पुन्हा स्कूटीवर हिंडू लागली. पण श्रावणात तिला दोनदा ताप आला, खोकला पंधरा-पंधरा दिवस हटला नाही. पोळ्याच्या सुमारास मांडीवर एक फोड आला तो दसऱ्यापर्यंत चिघळत राहिला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि पोरीच्या मांडीवरचा पू रोज पुसणं वेगळं. मानीबाई कापूस गरम पाण्यात बुडवायची, पुसायची आणि मनातल्या मनात जळायची. माझ्या हातानं अख्खा तांडा वाचला, आणि माझ्याच पोरीला साधा फोड जिरवायची ताकद नाही.

तिनं त्यावर पुष्कळ विचार केला. ती काही अडाणी बाई नव्हती, आणि अडाणी नसलेल्याच माणसाची चूक मोठी असते. डॉक्टर म्हणते राखणदार घरच्यालाच चावतात. बरं, कुत्रं घरच्याला कधी चावतं? उपाशी असलं की. मग उपाशी कुत्र्याला मारून आणखी मरतुकडं करायचं, की भाकरीचा तुकडा टाकायचा? पोटभर मिळालं की ते आपोआप दारात जाऊन बसेल आणि परक्यावर भुंकेल. तिला हे इतकं सरळ वाटलं की डॉक्टरसारख्या शिकलेल्या बाईला ते कसं सुचलं नाही याचीच कीव आली. एवढं सरळ वाटतंय म्हणजे कुठंतरी खोट असेल, असं मात्र तिच्या मनाला शिवलं नाही.

काढा कडू. तो लपवता येत नाही. पण गुळवेलीचं सत्त्व लपवता येतं, आणि सत्त्व काढावं तर मानीबाईनंच. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तिनं अंगठ्याएवढ्या जाड वेली तोडल्या, साल खरवडली, खलबत्त्यात ठेचल्या आणि परातीत पाण्यात भिजत घातल्या. सकाळी हातानं कुस्करल्या, फडक्यानं गाळल्या, पाणी स्थिर ठेवलं. वरचं पाणी ओतून दिल्यावर तळाशी पांढरा चिकट साका उरला. तो सुपात सावलीला वाळवला. मूठभर पांढरी पूड झाली, मैद्यासारखी. जिभेला अगदी किंचित कडवट. ती तिनं डब्यात भरली आणि रोज रंजितासाठी वेगळ्या काढलेल्या जवारीच्या पिठात चिमूट-चिमूट मिसळू लागली. वेगळं पीठ का, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: आजारी पोरीले पीठ बारीक लागते.

कोणी विचारलं नाही. आईनं थापलेल्या भाकरीची कोणी झडती घेतं का?

आणि बघा दैवाचा खेळ. दिवाळीत पोरीच्या गालावर लाली आली. फोड भरला, खोकला गेला. "गोळी चांगली लागू पडली," शाम म्हणाला. मानीबाई चुलीकडं तोंड करून हसली. तिला फार वाटायचं कोणाला तरी सांगावं. एकदा तोंडाशी आलंही होतं. पण शपथ आडवी आली, आणि तिनं ठरवलं, वर्ष होऊ दे, मशीनच्या पुढच्या फोटोत डोक्यातले पांढरे ठिपके गेलेले दिसू दे, मग त्या डॉक्टरणीच्या टेबलावरच डबा ठेवीन. चिमटीचा अंदाज मग जरा सैल झाला. चिमटीच्या दोन चिमट्या झाल्या.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी रंजिता सकाळी उठून बसली आणि उभी राहायला गेली ती तशीच खाली कोसळली. दोन्ही पाय. उजव्या हाताच्या बोटांतही जाणीव नव्हती. कपडे ओले झाले होते आणि तेही तिला कळलं नव्हतं. "याडी, माहे पाय कुठी हायेत?" ती विचारत राहिली. पाय समोरच पसरलेले होते. मानीबाई ते दोन्ही हातांनी चोळत बसली, आणि चोळता चोळता तिची नजर पहिल्यांदा फळीवरच्या डब्याकडं गेली.

यवतमाळला पुन्हा तोच दवाखाना. डॉक्टर सुचित्रांनी नवा फोटो पाहिला. पाठीच्या कण्यात एक लांबलचक नवा डाग होता. रक्ताचा कागद पाहिला. यकृताला सूज होती. त्या खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या.

"रंजिता, मला खरं सांग. गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाई, मॅडम. मोबाईलवर घंटा लावून घेतो."

"दुसरं काही घेतलं? काढा, चूर्ण, कोणी दिलेलं औषध? मी रागावणार नाही. मला कळलं नाही तर पुढचा निर्णय चुकेल, म्हणून विचारते."

"काहीच नाई. याडीले विचारा. तिनं शपथ घेतली हाये माही."

डॉक्टरांनी मानीबाईकडं पाहिलं. खेमसिंगनं पाहिलं, शामनं पाहिलं. मानीबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

कशाला नाही म्हणाली? मी पुष्कळदा विचार केला आहे. भीती होती, लाज होती, ते तर होतंच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं की आपण हो म्हणालो तर आपण कोण उरतो? तांड्याची मानीबाई संपली, नुसती एक म्हातारी उरली जिनं पोटच्या पोरीला विष चारलं. ती मान हलली ती स्वतःला वाचवायला हलली. आणि एकदा हलली की मग ती तशीच ठेवावी लागते.

"मग गोळी कामाची नाही असंच समजावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "यकृतालाही बहुतेक तीच बाधली. ती बंद करू. आता यापेक्षा बरंच कडक औषध द्यावं लागेल, सलाईनमधून, सहा-सहा महिन्यांनी. ते राखणदारांची एक फळीच्या फळी उडवतं. त्यात धोके आहेत, ते मी लिहून देईन, समजावूनही सांगेन. आधी पाच दिवस सूज उतरवायचं औषध."

ते पाच दिवस मानीबाई खाटेखाली चटईवर झोपली. पोरीला बेडपॅन द्यायची, कूस बदलायची, वेणी घालायची. रंजिता तिला म्हणाली, "तू नसती तं माहं काय झालं असतं गं?" मानीबाईनं वेणीची गाठ मारली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. सत्त्वाचा डबा घरी फळीवर होता. शामला सांगून फेकून द्यावा तर का म्हणून सांगायचं? खेमसिंगला सांगावं तर तो पाच मिनिटांत ओरडून दवाखाना गोळा करेल. दुसऱ्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, सांगायचं. तिसऱ्या दिवशी ठरवलं, पाय येऊ दे, मग सांगू. चौथ्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. सगळे रडले. मानीबाईनं ठरवलं, आता नाहीच सांगायचं, देवानं झाकलं ते आपण कशाला उघडायचं.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर कागद घेऊन आल्या. कडक औषधाचा संमतीचा कागद. त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. क्षयरोग दडलेला असेल तर उफाळू शकतो. साधा न्युमोनिया जिवावर बेतू शकतो. लसी नीट लागत नाहीत. फार क्वचित, पण मेंदूत असा संसर्ग होतो की माणूस परत येत नाही. लवकर मूल हवं असेल तर आधी बोलायला हवं. "साधी गोळी चालली असती तर मी इतक्यात इथवर आले नसते," त्या म्हणाल्या. "पण गोळी घेत असताना एवढा मोठा झटका आला, म्हणजे माझ्याकडं दुसरा रस्ता नाही."

रंजिताच्या उजव्या हातात पेन धरवेना. तिनं ते डाव्या हातात घेतलं. पोस्टात दिवसातून पन्नास वेळा सही करणारी पोरगी, पहिलं अक्षरही सरळ उमटेना. "थांबा मॅडम, करतो," ती म्हणाली आणि जीभ दातात धरून पुन्हा कागदावर वाकली.

मानीबाईनं कागदावर हात ठेवला.

"गोळीनं नाई झालं," ती म्हणाली. "म्या चारलं तिले."

"काय?" रंजितानं विचारलं.

"गुळवेलीचं सत्त्व. दसऱ्यापासून. तुह्या पिठात."

खेमसिंग उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि पुन्हा बसला. डॉक्टरांनी कागद आपल्याकडं ओढून घेतला आणि विचारलं, "रोज? किती?" मानीबाईनं चिमूट करून दाखवली. मग दुसऱ्यांदा दाखवली.

"मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तोंड पांढरं पडलं होतं. "मावशी, पाच दिवसांपूर्वी विचारलं होतं. ही सही झाली असती तर आज दुपारी मी तिला ते औषध लावलं असतं. गोळीचा काही दोष नसताना."

"हो."

"का नाही बोललात?"

मानीबाईनं उलट विचारलं, पदर पसरून, पाया पडल्यासारखी वाकून: "बाई, तिचे पाय म्याच नेले का? एवढं सांगा."

डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुन्हा उघडला. "यकृताची सूज बहुधा त्यानंच आली असेल," त्या म्हणाल्या. "पायाचं मला सांगता येणार नाही. या आजारात झटका उगाचही येतो. गोळी असताना येतो, नसताना येतो, हवा बदलली, ताप आला तरी येतो. तुमच्या सत्त्वानं राखणदार भडकले असतील, किंवा त्यांना भडकायचंच होतं. हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही."

मानीबाईला वाटलं होतं, हो म्हणतील. हो म्हटलं असतं तर ती छाती पिटून रडली असती, शिक्षा भोगली असती, कुठंतरी ते संपलं असतं. नाही म्हटलं असतं तर त्याहून बरं. हे 'कळणार नाही' घेऊन माणसानं जगायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

कडक औषध लांबलं. यकृताची सूज उतरेपर्यंत तीन महिने थांबायचं, मग गोळीच पुन्हा द्यायची की पुढं जायचं ते बघायचं, असं ठरलं. ते तीन महिने पोरीच्या अंगात औषध नाही, रस्ता मोकळा. झटका आला तर आला. घरी वॉकर आला. डावा पाय थोडा परतला, उजवा ओढत न्यावा लागतो. पोस्टात बदली माणूस लागला, आणि म्हाताऱ्या विचारतात, रंजी कधी येते.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मानीबाईनं भाकरी थापली, ताट वाढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. सगळ्यांच्याच पिठाची भाकरी होती, सत्त्वाचा डबा तिनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर रिकामा केला होता. रंजितानं तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

"याडी," ती म्हणाली, "पायाचं डॉक्टरीण म्हंते सांगता येत नाई. ठीक हाये. तू माहं वाईट चितलं नाई, हेबी मले समजते. पण तीन महिने माह्या ताटात काय होतं ते तुले माहीत होतं अन् मले नोतं. म्या मॅडमले तुही शपथ सांगतली, अन् तू मान हलवली. आता तुह्या हातचं माह्या घशाखाली उतरत नाई. म्या करून पाह्यलं. नाई उतरत."

"मंग शाम..."

"माहं मी करतो."

तेव्हापासून ती स्वतःचं स्वतः करते. दळण शाम आणतो, थेट गिरणीवरून, आणि पिठाच्या डब्याची किल्ली रंजिताच्या गळ्यात असते. तिला उभं राहवत नाही म्हणून खेमसिंगनं गॅस जमिनीवर मांडून दिला. ती पाय पसरून बसते, डाव्या हातानं मळते, उजव्याच्या बधिर बोटांनी थापते. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, मधे फाटलेली. मानीबाई दाराबाहेर ओट्यावर बसते. आत जायचं नाही, असं तिला कोणी सांगितलेलं नाही, पण ती जात नाही. तांड्यातली एखादी बाई अजून विचारायला येते, पोराला खोकला आहे, काढा दे. मानीबाई म्हणते, दारव्ह्याले ने त्याले.

परवा असाच करपल्याचा वास आला. आधी वाटलं भाकरी. मग वास वेगळा वाटला, आणि मानीबाई उठून आत धावली. रंजितानं भाकरी उलटायला उजवा हात तव्यावर टेकवला होता आणि तो तिथंच होता. तिची नजर पिठाच्या परातीकडं, दुसरा गोळा करण्यात. तिला काही लागतच नव्हतं. मानीबाईनं मनगट धरून हात ओढला. तीन बोटांची कातडी तव्याला चिकटून राहिली.

रंजितानं हाताकडं पाहिलं, उलटा-सुलटा करून, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मानीबाईनं तिचं मनगट सोडलं नव्हतं. कोरफड आणते, म्हणावं असं तिच्या ओठावर आलं आणि तिनं ते गिळलं.

"मले दुखत नाई," रंजिता म्हणाली. तिनं हात हळूच सोडवून घेतला. "शामले आवाज दे, दवाखान्यात जा लागन. अन् तू बाहेर बस."

मानीबाईनं शामला हाक मारली आणि बाहेर जाऊन बसली.